मानवी वस्ती : नाही

ज्या जागी कोणी राहत नाही, कधी राहिलं नाही आणि पुढे राहण्याची सुतराम शक्यता नाही, अशा जागांची माझ्या घरमालकांइतकी काळजी पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणी वाहिली असेल असं मला वाटत नाही. मोखाड्यात त्यांना सगळे नुसतं गुरुजी म्हणत. जामसरकडे तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी डहाणूला तीनदा पाहिला होता, त्यातही एकदा ओहोटी होती म्हणून लांबूनच. बर्फ पाहिला तो रसवंतीतला. पण उत्तर आणि दक्षिण ध्रुवाच्या आसपास समुद्रात जी बारीकसारीक बेटं आहेत, ज्यांच्यावर पक्षी, सील आणि वारा यांखेरीज कोणी फिरकत नाही, ती सगळी त्यांची. एकेकाला नावानिशी ओळखत. सहा वर्षांपूर्वी मी त्यांची मागची खोली भाड्याने घेतली, आणि पहिल्या दोन महिन्यांत मला शेजाऱ्याचं आडनाव कळायच्या आधी दक्षिणेकडच्या अकरा बेटांची नावं पाठ झाली.

मी तालुक्यातल्याच एका कचेरीत कारकून. कुठल्या ते सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. मी मुळात दमलेला माणूस आहे. काही लोक काळे असतात, काही उंच असतात, तसा मी दमलेला आहे. संध्याकाळी फायली उपसून घरी आलो की मला फक्त आडवं व्हायचं असे. पण माझ्या खोलीचा रस्ता गुरुजींच्या ओटीवरून जाई आणि ओटीवर ते बसलेलेच असत. "या. आज एक गेलं," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मी चपला काढल्या, चेहरा पाडला आणि हळूच विचारलं, "कोण हो?" तर गेलं होतं ग्रीनलंडच्या उत्तरेचं एक बेट. जगातलं सगळ्यात उत्तरेचं म्हणून कोणीतरी नोंदवलं होतं. मागाहून कळलं की ते बेटच नव्हे, हिमनगावर चिखल आणि गोटे साचले होते आणि तो तळाला अडकून उभा होता. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. काकू आतून म्हणाल्या, "याचं सुतक किती दिवस ते तेवढं विचारून ठेवा. मला पापड घालायचेत."

बेटांची नोंद ते शाळेतून उरलेल्या हजेरीपटांत ठेवत. जिथं मुलांची नावं लिहायची तिथं बेटांची. पुढे कुठं आहे, नाव कोणी ठेवलं, का ठेवलं, आणि शेवटच्या रकान्यात 'मानवी वस्ती'. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही'. पानं उलटत जा, 'नाही, नाही, नाही'. मी कारकून असल्याने मला ते बघवेना. म्हटलं, "गुरुजी, एकदा लिहा आणि खाली टिंबं द्या की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "प्रत्येकाचं नाही वेगळं असतं," म्हणाले. मी वाद घातला नाही. वाद घालायला उभं राहावं लागतं.

या बेटांवर झालेले अन्याय त्यांना तोंडपाठ होते. एका बेटाचं नाव आहे 'उपयोगी'. कोणाला उपयोगी, असं मी विचारलं तर म्हणाले, "ज्यांनी नाव ठेवलं त्यांना. वर चढून आजूबाजूचं दिसलं त्यांना. अर्धा तास थांबले असतील. बेटाला मात्र ते नाव जन्मभर वागवायचंय." एका बेटाला आपल्या जहाजाचं नाव देऊन टाकलं, आणि जहाजाचं नाव काय, तर 'का नाही?' एके ठिकाणी बेटं फार आणि कल्पना संपलेल्या, म्हणून ग्रीक मुळाक्षरं वाटून टाकली, शाळेत तुकड्या पाडतात तशी. याचं त्यांना फार दुःख होतं. आणि एक बेट आहे 'उदास'. त्याच्याबद्दल ते विशेष हळवे होते. "तुम्ही कचेरीतून येता तेव्हा तुम्हाला मोखाडा कसा दिसतो? तसं झालं हे. माणूस दमलेला होता हो. बेट बरं असणार." त्या संध्याकाळी मी ओटीवर जरा जास्त वेळ बसलो. समोर बाजारपेठेत दिवे लागत होते. ते तसे बरे दिसत होते.

त्यांची स्वतःची इच्छा एकच. मरण्यापूर्वी एका तरी बेटाला नाव द्यायचं, आणि ते काकूंचं. काकूंचं नाव इंदू. लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी शब्द दिला होता म्हणे. दरवर्षी परदेशातल्या कुठल्यातरी समितीला ते पत्र पाठवत, की अमुक रेखांशावर एक बिननावाचा खडक दिसतो, त्यास 'इंदू' हे नाव द्यावं. एकदाच उत्तर आलं, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. ते चौकटीत घालून देवघराशेजारी लावलं होतं. काकू मला म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं, माझ्या नावाचं बेट नको, माझ्या नावावर गॅस घ्या. गॅस आला. बेट राहिलं."

जव्हारला जायचं झालं की गुरुजी काशिनाथच्या जीपमध्ये पुढे बसत. काशिनाथ हा त्यांचाच जुना विद्यार्थी, पावसाळ्यात सहा आसनी जीपमध्ये तेरा माणसं भरणारा आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवणारा. एकदा मी बरोबर असताना घाटात ढग उतरले, पुढचं दिसेना, म्हणून त्याने जीप थांबवली. गुरुजी खाली उतरून दरीच्या कडेला उभे राहिले. ढगातून टेकड्यांचे शेंडे तेवढे वर आले होते. "मोजा," ते आम्हाला म्हणाले. "हे असंच असतं तिकडे. मोजा." आम्ही तेरा जण, त्यात एक आजारी कोंबडी घेतलेली म्हातारी, सगळे शेंडे मोजू लागलो. काशिनाथ म्हणाला, "गुरुजी, बसा आता, नायतर तुमाला हितंच बेटावर सोडून जातो." गुरुजींना ती धमकी वाटलीच नाही. त्यांनी मागे वळून सावकाश विचारलं, "कोणत्या?"

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. ती सांगायचा मला कंटाळा आहे, कारण तिच्यात मी आहे.

सूर्यमाळच्या अंगाला, डोंगराच्या बऱ्याच वर, बावीस घरांचा एक पाडा आहे. त्या गावाचे आमच्या पाणीटंचाईच्या यादीत तीनच पाडे होते. हा चौथा, पण तो तिसऱ्यातच धरलेला. कोणी केव्हा धरला, ठाऊक नाही, यादी वर्षानुवर्षं तशीच उतरवली जात होती. त्यामुळे उन्हाळ्यात टँकर यायचा तो तिसऱ्या पाड्याच्या विहिरीत पाणी ओतून परत जायचा. वरच्या बायका हंडे घेऊन डोंगर उतरायच्या, खालच्या बायकांचं भरून होईपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या, मग तळाचं गढूळ उपसून पुन्हा चढायच्या. दिवसाच्या दोन खेपा झाल्या की दिवस संपला. त्या पाड्यावरची सोमीबाई तीन उन्हाळे माझ्या टेबलाशी आली होती. मी दरवेळी खरं तेच सांगितलं. पाडा वेगळा धरायचा तर वेगळं नाव लागतं, नोंदीत तुमच्या पाड्याला नावच नाही, ग्रामसभेचा ठराव आणा नावानिशी. "काय नाव लिवायचं?" ती विचारायची. "जे असेल ते," मी म्हणायचो, आणि पुढची फाईल ओढायचो. ती जायची. पुढच्या उन्हाळ्यात परत यायची.

बाजाराच्या दिवशी सोमीबाई करवंदं विकायला मोखाड्याला येई आणि परतताना गुरुजींच्या ओटीवर टेके. काकू तिला तांब्याभर पाणी देत. ती ते एका दमात पिऊन टाके आणि मग संकोचाने सोबतची बाटली पुढे करी. मी तिला लांबून पाहिलं की ओटी टाळून परसातून खोलीत शिरून कडी लावत असे. चौथ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गुरुजींनी तिला सहज विचारलं, "कोणता हो पाडा तुमचा?" ती म्हणाली, "तो वरचा." "नाव काय?" "नाव नाय. सायबानं सांगितलंय, नाव नाय म्हणून." साहेब म्हणजे मी. कडीच्या आत मी श्वास रोखून उभा होतो. बाहेर गुरुजी म्हणाले, "माणसं राहतात, आणि नाव नाही?" तिकडे ज्या दगडावर पक्ष्याला दोन्ही पाय नीट टेकता येत नाहीत त्याला दोन देशांनी ठेवलेली दोन-दोन नावं, आणि इथं बावीस घरं अशीच. हे त्यांच्या डोक्यात मावेना.

त्यांनी आमच्या कचेरीला अर्ज केला. सात पानी. आता अर्ज म्हटला की पहिल्या ओळीत मागणी असावी. गुरुजींनी पहिली अडीच पानं ध्रुवीय बेटांना नावं देण्याचे दाखले दिले होते, अक्षांश-रेखांशांसकट. पाडा येत होता तिसऱ्या पानावर. मार्चअखेर होती. माझ्या टेबलावर फायलींमुळे टेबल दिसत नव्हतं. मी पहिलं पान वाचलं, उरलेली अंगठ्याने फरफर उलटली आणि शेरा लिहिला, 'सदर बेट या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' साहेबांनी न वाचता सही केली. दमलेली माणसं एकमेकांवर फार विश्वास ठेवतात.

ते पत्र पोस्टाने ओटीवर पोचलं त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा आलो. कागद गुरुजींच्या मांडीवर होता. अक्षर ते ओळखत होते, भाड्याच्या पावतीवर दर महिन्याला पाहत होते. मी वाट बघत उभा राहिलो, की आता बोलतील, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "खरोखरीचं बेट असतं तर तिथल्या समितीनं सातही पानं वाचली असती." आणि मला बसायला सरकून जागा करून दिली. कामाचा कंटाळा मला नेहमीचाच होता, पण त्या दिवशी मला माझा स्वतःचा कंटाळा आला. मी म्हटलं, "गुरुजी, चुकलं माझं. काय करू सांगा." ते म्हणाले, "रविवारी चला वर."

रविवारी काशिनाथच्या टँकरमध्ये बसून आम्ही गेलो. तिसऱ्या पाड्याच्या पुढे कच्चा रस्ता एका वळणावर संपतो. तिथं एक मोठा काळा खडक आहे. गुरुजींना धाप लागली, म्हणून ते त्या खडकावर बसले, आणि बसल्या बसल्या हजेरीपटाच्या पानावर त्यांनी अख्ख्या डोंगराचा नकाशा काढला. तेवढ्यात खालून सोमीबाई डोक्यावर हंडा घेऊन चढत आली. आम्हाला बघून थांबली, पण हंडा खाली ठेवला नाही. एकदा ठेवला की पुन्हा उचलायला दुसरं माणूस लागतं. ती तशीच मान ताठ धरून आमच्याशी बोलली आणि पुढे चढली. मी मागून रिकाम्या हातांनी चढत होतो आणि मला दम लागत होता.

वर माणसं जमली. गुरुजींनी येण्याचं कारण सांगितलं, तसे सगळे एकमुखाने म्हणाले, "तुमीच ठेवा नाव, गुरुजी. तुमी शिकल्याले. जं ठेवाल तं चालंल." मी गुरुजींकडे पाहिलं. चाळीस वर्षं समुद्रापार पत्रं पाठवून जे मिळालं नव्हतं ते समोर आयतं चालून आलं होतं. बावीस घरं, डोंगराचा एक अख्खा खांदा, ठरावासकट सरकारदप्तरी नोंद. 'इंदूमाळ'. 'इंदूपाडा'. काय वाईट होतं? त्यांच्या ओठांवर आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. "नाही," म्हणाले. "बाहेरच्यानं नाव ठेवावं ते जिथं कोणी राहत नाही तिथं. तुम्ही राहता. तुमचं असेल ते सांगा, मी लिहून घेतो."

पंचाईत अशी, की त्यांचं काही नव्हतंच. "आमी घरा म्हणतो," सोमीबाई म्हणाली. "खालचे आमाला वरचे म्हणतात. वरल्या रानातले खालचे म्हणतात." तासभर हेच चाललं. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा पुढचा उन्हाळा. पण उतरताना खडकाशी आल्यावर गुरुजी थांबले आणि म्हणाले, "चुकलं आपलं. राहणाऱ्याला नाव कशाला लागेल? सोडून गेलेल्याला लागतं."

मग पुढचे चार आठवडे हा गृहस्थ भर उन्हात छत्री उघडून मोखाड्याच्या आठवडे बाजारात फिरत होता आणि दिसेल त्या बाईला विचारत होता, "बाई, माहेर कुठलं?" गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे गुरुजी पुतण्यासाठी स्थळ बघतात, कोणी म्हणे स्वतःसाठीच. काकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "करू देत. तिला देतील बेट." शेवटी त्या पाड्यावरून लग्न होऊन गेलेल्या सात जणी सापडल्या, कोणी जव्हारकडे दिलेली, कोणी खोडाळ्याकडे. गुरुजींनी एकीला दुसरीचं उत्तर ऐकू येऊ दिलं नाही, परीक्षेतल्यासारखं प्रत्येकीला लांब नेऊन विचारलं. सातही जणी एकच म्हणाल्या, "खुरासणीच्या माळावरची." त्यातली एक म्हातारी होती. तिने ते सांगितलं, उगाच पदर सारखा केला, आणि मग गुरुजींनाच विचारलं, "तठं गेला होतात? माझा भाऊस कसा हाय?"

खुरासणी म्हणजे आपले कारळे. ते नाव घेऊन आम्ही परत वर गेलो. सोमीबाई आधी म्हणाली, "तं तर शेत. शेताला म्हणतो आमी तसं." मग थोडा वेळ तिने विचार केला. "पन माझी नणंदबी असंच सांगते. लेकी सांगतात ना, मग तंच धरा." तसं धरलं. ग्रामसभेचा ठराव झाला. या वेळचा अर्ज एक पानी होता, सोबत नकाशा. नकाशाच्या कोपऱ्यात सवयीने त्यांनी रकाने पाडले होते आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्या आयुष्यात प्रथमच लिहिलं होतं, 'मानवी वस्ती : आहे. बावीस घरं.' मी ते दोनदा वाचलं. मग तो कागद कुठल्याच टेबलावर न ठेवता हातात धरून, एकेका सहीसाठी उभा राहून, दोन दिवसांत यादीत चौथ्या क्रमांकावर चढवला. मे महिन्यात टँकर पहिल्यांदा वळणावरच्या खडकापर्यंत गेला. तिथं काळी प्लॅस्टिकची टाकी बसवली. म्हणजे सगळं सुखाचं झालं असं नाही, खडकापासून घरापर्यंत चढ आहेच. पण निम्मा गेला आणि पाण्याला पहिला हात त्यांचा लागू लागला.

काकूंना मी सांगून टाकलं, की तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. त्या भाजी निवडत होत्या. "नाही दिलं ते बरं केलं," म्हणाल्या. "रोज हंडा घेऊन चढताना बायका माझ्या नावानं बोटं मोडत चढल्या असत्या." पण त्या दिवशी त्यांनी गुरुजींना न मागता दुसऱ्यांदा चहा दिला.

दोन वर्षांपूर्वी मुलगा येऊन दोघांना नाशिकला घेऊन गेला. गुरुजींना ओटीच्या पायऱ्याही चढवत नव्हत्या, आणि मोखाड्याला डॉक्टर असतोच असं नाही. जाताना हजेरीपट माझ्या हातात दिले. "पुढची तुम्ही लिहा," म्हणाले. मी एकही लिहिलं नाही. मागची खोली अजून माझ्याकडे आहे. संध्याकाळी ओटीवरून जातो, मला कोणी थांबवत नाही, सरळ आत जाऊन आडवं होता येतं. हेच मला हवं होतं, असं मी चार वर्षं म्हणत होतो. आता झोप लागत नाही, ती गोष्ट वेगळी. एवढा रिकामपणा एका माणसाच्या जाण्यानं होतो, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्या ओटीवर रोज बसलो असतो.

या उन्हाळ्यात टँकरच्या खेपांचे कागद माझ्याकडे आले. काशिनाथच्या अक्षरात 'पाणी कोठे रिकामे केले' या रकान्यात लिहिलं होतं, 'गुरुजीचा खडक.' खाली सोमीबाईचा अंगठा. मी त्याला बोलावून विचारलं, हे काय, हे नाव कुठल्याच नोंदीत नाही. तो म्हणाला, "समदे तेच म्हणतात. बायका वरनं हाळी देतात, टँकर गुरुजीच्या खडकावर आला म्हणून. मी दुसरं काय लिहू?" नियमाप्रमाणे मी तिथं लाल शाईने दुरुस्ती करायला हवी होती. मी कागद तसाच फायलीला लावला आणि नाशिकला फोन केला.

गुरुजींचा आवाज बारीक झाला होता. मी सगळं सांगितलं. मागे काकूंचा मिक्सर चालू होता, तो थांबला. मग मास्तर गृहपाठ तपासतात तशा स्वरात त्यांनी विचारलं, "तिथं कोणी राहतं का?"

"नाही, गुरुजी. नुसता खडक आहे."

"नीट पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग चालेल," ते म्हणाले, आणि फोन काकूंच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी मी ओटीवर बसून हजेरीपट उघडला. शेवटच्या बेटाखाली 'गुरुजीचा खडक' लिहिलं. कुठं आहे, नाव कोणी ठेवलं, का ठेवलं, सगळे रकाने भरले. शेवटच्या रकान्यात वर 'नाही' होतं, खाली टिंबं दिली असती तरी चाललं असतं. मी पूर्ण 'नाही' लिहिलं.